आत माणूस आहे

थोरल्याने मशीनचं झाकण काढून पंख्यावर जोरात फुंकर मारली, तशी सगळी धूळ उलटून त्याच्याच डोळ्यांत गेली. रविवार होता, सकाळचे दहा वाजले होते. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाचा खालचा खण या मशीनने सहा वर्षं बळकावला होता, आणि घरात माणसं दोनच असूनही चपला दाराबाहेर पडलेल्या असायच्या.

"मेली नाही का अजून ती गिरणी?" आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"आता मारतोच," थोरला डोळे चोळत म्हणाला. "महिनाअखेरीला बंद करून टाकतो."

आतून वर्तमानपत्र दुमडल्याचा आवाज तेवढा आला.

"ऐकलंत का?"

"ऐकलं की. बहिरा नाही झालो अजून. कर बंद. चोवीस तास नुसती घरघर, डोक्याला ताप."

एवढ्या सहज होकार मिळेल असं थोरल्याला वाटलं नव्हतं. बाबा अडवतील, निदान एकदा 'का रे' म्हणतील, अशी खोटी आशा कुठेतरी होती. त्याने झाकण परत बसवलं आणि चारही स्क्रू नेहमीपेक्षा जरा जास्तच आवळले.

बाबांची ती 'गिरणी' म्हणजे धाकट्याचा गेम सर्व्हर. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेलं मशीन धाकट्याने खांद्यावर मारून घरी आणलं होतं. दोघा भावांनी मिळून त्यात मेमरी वाढवली, डिस्क बदलली, पंखा बसवला. त्यावर एक ठोकळ्यांचं जग चालायचं. एकावर एक ठोकळा रचून घरं बांधायची, पूल बांधायचे, शेतं करायची. धाकट्याचे आठ मित्र आठ गावांहून त्यात यायचे. मशीन चालू तर जग चालू. मशीन बंद पडलं की सगळ्यांना दार बंद. बाबांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांनी नाक मुरडत का होईना, पण मशीनसाठी अर्थिंगची वायर स्वतः ओढून दिली होती. "खेळा काय खेळायचं ते. शॉक लागून मरू नका म्हणजे झालं," म्हणाले होते. तेव्हा घरात हसणं-खिदळणं होतं.

मग तीन वर्षांपूर्वीची ती दुपार. धाकट्याने नोकरीची मुलाखत चुकवली, तीही दुसऱ्यांदा. बाबांना ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं. ते तरातरा पॅसेजमध्ये आले, वाकले आणि त्यांनी भिंतीतला प्लग उपटून हातात घेतला. आठही मित्र त्या वेळी आत होते. जग डिस्कवर लिहिलं जात असतानाच वीज गेली आणि सगळ्याचा चिखल झाला. दोन महिन्यांचं काम होतं ते.

धाकटा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, माणसं आत असताना मेन काढायचा नसतो," तो म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत ना?"

ते खरं होतं. चौतीस वर्षं बाबा लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विचवर एक लाल पाटी अडकवायचे. 'आत माणूस आहे.' एकदा एका मदतनिसाने पाटी न बघता दांडी ओढली होती, तर बाबांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, पुन्हा कामावर घेतलं नव्हतं. म्हणजे धाकट्याने बरोबर वर्मावर बोट ठेवलं होतं. 'चुकलं' हा एक शब्द पुरला असता. पण हातात प्लग धरून बाबा म्हणाले, "मग तूही हो बाहेर."

आणि तो झाला. एक पिशवी घेऊन गेला. त्याचा लॅपटॉप टेबलावरच राहिला. बाबांनी तो उचलून हत्यारांच्या लोखंडी पेटीत टाकला आणि कुलूप ठोकलं. जिन्यात धाकट्याने थोरल्याचा हात धरला होता.

"मशीन चालू ठेव, दादा. येईन कधीतरी आत."

त्यानंतर त्याचा फोन नंबर बदलला. कुठे असतो, काय करतो, कुणालाच पत्ता नाही. थोरल्याने दोन महिन्यांपूर्वीची जुनी नक्कल शोधून जग पुन्हा उभं केलं. मित्र काही दिवस आले, मग एकेक करून पांगले. धाकट्याने तळ्याकाठी बांधलेलं लाल कौलांचं घर मात्र त्या नकलेत शाबूत होतं. थोरला अधूनमधून आत जाऊन त्या घराभोवती एक चक्कर मारायचा आणि बाहेर पडायचा. तीन वर्षं असं चाललं. माणसाने वाट तरी किती बघायची?

बुधवारी थोरला कामावर होता. चष्म्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं त्याचं काम. एक काच चाकाला लावलेली असतानाच खिशातला फोन थरथरला. कुणी आत आलं की सर्व्हरवरून फोनला निरोप यायचा, आणि असा निरोप येऊन जमाना झाला होता. त्याने सवयीने पाहिलं.

धाकट्याचं नाव होतं. तीन वाजून दहा मिनिटं.

काच हातातून निसटून फरशीवर गेली.

"अहो, कुणाचा डोळा फोडलात?" काउंटरवरच्या ताईंनी पडद्याआडून डोकं काढलं. मग त्याचा चेहरा बघून त्यांचं हसू विरलं. "काय हो, घरी सगळं ठीक ना?"

"भाऊ आलाय," थोरला म्हणाला.

"मग इथे काय करताय? जा की घरी!"

"घरी नाही आला, ताई. आत आलाय." ताई गोंधळून पुन्हा काउंटरवर गेल्या.

त्याने फोनवरूनच लिहिलं, 'आलास?' मग लिहिलं, 'कसा आहेस?' मग, 'बोल ना रे.' समोरून काहीच आलं नाही. वीस मिनिटांनी नाव गेलं.

गुरुवारी तीन वाजून दहा मिनिटांनी ते परत आलं. शुक्रवारी परत. बोलणं नाही, चालणं नाही. येतो, वीस मिनिटं एका जागी उभा राहतो, जातो. थोरल्याला त्याचंही काही वाटेना. रुसलाय, रुसू दे. आलाय ना? दोन दिवस तो काचा घासताना शीळ घालत होता, आणि येताना बाबांच्या नव्या चष्म्याच्या काचाही स्वतः बसवून घेऊन आला. दोन वर्षं म्हातारा तोच ओरखडलेला चष्मा लावून बसला होता.

"नको," जेवताना बाबा म्हणाले. "मला दिसतंय सगळं."

"निदान लावून तरी बघा."

"ठेव तिथे." चष्म्याची डबी फ्रिजवर गेली.

धाकटा आत आल्याचं सांगावं असं थोरल्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाबांसमोर त्याचं नाव काढायचं धाडस तीन वर्षांत झालं नव्हतं, ते आज तरी कुठून होणार? आणि हे जपून ठेवावंसं वाटत होतं. त्याच्याकडे बऱ्याच दिवसांनी काहीतरी होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याला सुचलं, की येणारा कुठून येतो त्याचा पत्ता मशीन लिहून ठेवतं. आकड्यांचा पत्ता, पण त्यावरून निदान देश कळतो, कधी कधी शहरही कळतं. निदान माझा भाऊ कुठल्या शहरात उभा आहे एवढं तरी कळेल! त्याने ती यादी उघडली, बुधवारची ओळ शोधली आणि आकडे वाचले. मग पुन्हा वाचले. मग गुरुवारचे, शुक्रवारचे, आजचे वाचले.

बाहेरचा पत्ता तसा नसतो. तसे आकडे फक्त घरातल्या यंत्रांना मिळतात, खिडकीतल्या इंटरनेटच्या राउटरकडून. धाकटा म्हणून जो कोणी आत येत होता, तो याच घरातून येत होता.

दुपारी तीन वाजता घरात एकच माणूस असायचा.

थोरला खुर्चीत बसूनच राहिला. म्हणजे भाऊ आलाच नव्हता. इतके दिवस आपण शीळ घालत होतो ती कुणासाठी? त्याला आधी भयंकर राग आला. उठावं, ती पेटी उघडायला लावावी, लॅपटॉप समोर आपटावा आणि विचारावं, माझी चेष्टा करताय का? तो उठलाही. बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दार अर्धवट उघडं होतं. बाबा खाटेवर पाठमोरे बसून पायाला तेल चोळत होते, गुडघा धरून, हळूहळू. मानेवरचे केस वाढले होते. थोरला आला तसा परत फिरला.

दुसरा दिवस महिन्याचा शेवटचा रविवार.

"आज बंद करणार ना?" चहा पिताना बाबांनी विचारलं. बशीकडे बघत.

"हो. दहा वाजता."

"बरं." बाबांनी चहा तसाच टाकला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. मग लोखंडी पेटीचं झाकण करकरलं.

दहा वाजता थोरला कपाटासमोर मांडी घालून बसला. मशीन बंद करण्याआधी आत कुणी आहे का ते बघायचं, ही सवय त्याला धाकट्याने लावली होती. आणि धाकट्याला कुणी लावली होती ते या घरात तरी सांगायला नको. त्याने मशीनला स्क्रीन जोडला.

आत एक जण होता.

थोरल्याचा राग तिथेच ओसरला. म्हाताऱ्याला खेळ येत नव्हता, चालता येत नव्हतं, नावसुद्धा दुसऱ्याचं होतं, त्या लॅपटॉपने जपून ठेवलेलं. पण आत माणूस असला की मेन काढत नाहीत, एवढं त्याला ठाऊक होतं, आणि कुणी आत आलं की थोरल्याच्या फोनवर कळतं हेही. तेवढ्यासाठी तो रोज येऊन उभा राहत होता. गिरणी बंद पडू नये म्हणून. ज्या एका दाराने पोरगा येईन म्हणाला होता ते दार लागू नये म्हणून. तोंडाने सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती? पण ती सवय या घरात कुणालाच नव्हती.

थोरल्याने आपला लॅपटॉप मांडीवर घेतला आणि तो आत गेला. तळ्याच्या वरच्या बाजूला, पुलाच्या भिंतीला नाक लावून, धाकट्याच्या निळ्या सदऱ्यात ते पात्र उभं होतं. चार दिवस बाबांनी ती दगडी भिंतच पाहिली असणार. थोरल्याने भिंतीवर, अगदी त्याच्या डोळ्यांसमोर, एक लाकडी पाटी ठोकली आणि तिच्यावर लिहिलं:

'बाबा, वळायला माऊस हलवा. पुढे जायला डब्ल्यू दाबा.'

मशीनची घरघर तेवढी चालू. थोरल्याला वाटलं, आता लॅपटॉप धाडकन मिटेल, नाव जाईल आणि हे सगळं परत पेटीत बंद होईल. बऱ्याच वेळाने बाबा खाकरले.

"अरे," दाराआडून आवाज आला. "तो नवा चष्मा कुठे ठेवलायस?"

थोरला उठला. फ्रिजवरची डबी घेतली. कडी निघाली, दार वीतभर उघडलं आणि तेलकट हात बाहेर आला. हाताने डबी घेतली. दार पुन्हा लागलं.

तो परत बसला तेव्हा निळा सदरा हळूहळू वळत होता. आधी आभाळाकडे, मग जमिनीकडे, मग कसाबसा समोर. एक पाऊल. मग थांबा. मग चार पावलं एकदम, आणि थेट तळ्यात. दाराआडून एक शिवी ऐकू आली. थोरल्याला हसू फुटलं, ते त्याने मनगटात दाबलं, आणि मनगट ओलं झालं.

तो पुढे झाला आणि तळ्याच्या काठाने वाट दाखवत चालू लागला. मागून निळा सदरा ठेचकाळत येत होता. लाल कौलांच्या घरापाशी थोरला बाजूला झाला. बाबा दारापर्यंत गेले आणि थांबले. धाकट्याने जाताना लावून घेतलं होतं तसं ते दार बंद होतं.

दार कसं उघडायचं ते बाबांनी विचारलं नाही. थोरल्यानेही पाटी लावली नाही. पॅसेजमध्ये मशीन घरघरत राहिलं, आणि ते दोघं बराच वेळ त्या दाराबाहेर उभे राहिले.