किनारा रिकामा होईपर्यंत

माझा आवाज सगळ्या गावाला ठाऊक. माझा तेग्रिन म्हणायचा, "आई, तू हाक मारलीस की समुद्रापलीकडे अलास्कात लोक पानावर बसतात." गधडा! पण हाक ऐकली की किनाऱ्यावरूनच उत्तर यायचं, "आलो ग, ओरडू नकोस!"

उन्हाळ्यात बर्फ पार उत्तरेला जायला लागला, तेव्हापासून वॉलरस आमच्या किनाऱ्यावर येऊन पडतात. बिचाऱ्यांना टेकायला दुसरं आहे काय? हजारोंनी, एकमेकांच्या अंगावर. नुसतं कुत्रं भुंकलं तरी अख्खा कळप बिथरून पाण्याकडे धावतो आणि पिल्लं खाली चिरडली जातात. म्हणून कळप असेपर्यंत गाव कुजबुजतं. राखण तेग्रिनकडे होती. त्यानं कुत्री लांब नेऊन बांधली, होड्यांची इंजिनं बंद करवली आणि मलाही दम भरला, "हाक मारायची नाही. मी आपणहून येईन जेवायला. शेवटचा वॉलरस गेला की मार हवी तेवढी."

एका सकाळी किनाऱ्याच्या टोकापलीकडे कळप बिथरवणारं अस्वल आलंय का बघायला तो होडीतून गेला. वल्ही मारत. वारा फिरला. इंजिन लावलं असतं तर पोचला असता, लावलं नाही. दुपारी त्याच्या दोस्तानं, केउल्कुतनं, त्याला पाण्यातून काढून घरी आणलं.

मी तोंड उघडलं, तशी केउल्कुतनं मला घट्ट धरलं. स्वतः रडत होता. "काकू, नको ग. खाली पिल्लं आहेत."

माझं पोर गेलं आणि मी कुणाच्या पिल्लांची काळजी करू? त्याच्या दंडाला कडकडून चावले मी. पण ओरडले नाही. तेग्रिनला टेकडीवर ठेवलं तेव्हाही तोंडात हातमोजा कोंबला होता. खाली माद्या पिल्लांना बिलगून खुशाल घोरत होत्या. जळला मेला त्यांचा जन्म! एकदा तर हातात दगड घेतला. एवढा एक पुरला असता. पण राखण माझ्या लेकाची होती. ठेवला खाली.

मग बर्फ आला आणि कळप गेला. केउल्कुत दाराशी आला. "काकू, किनारा रिकामा झाला. रड आता."

मी पाण्यापाशी गेले. मागे सगळं गाव उभं होतं. किती दिवस कोंडलेलं रडू, पण काही केल्या येईना. छातीतून निघालं ते भलतंच.

"तेग्रिन! जेवायला ये रे!"

घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. लांबवर कुत्री भुंकायला लागली. ओरडू नकोस, असं मला कुणीच म्हणालं नाही.