माझ्या अंगावरचा दुधाचा समुद्र

मी एक जुना नकाशा आहे. जगाचा. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मी टाकणार नाही. मला राग आलाय, आणि तो बोलून दाखवल्याशिवाय मला भिंतीवर धड लटकताही येणार नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. एक रंग वाळला की दुसरा, असं करत आठ दिवस गेले. किनाऱ्याची रेघ केसभर सरकली म्हणून माझ्या आधीचा अख्खा गठ्ठा तिथल्या मुकादमाने रद्दीत फेकला होता. मग मला जाड कापडावर चिकटवलं, वर-खाली लाकडी दांड्या ठोकल्या आणि या शाळेत धाडलं. तीस वर्षं मी पोरांची बोटं झेलली. जो येई तो आधी आपलं गाव शोधी. बोटं ठेवून ठेवून तिथे आता पांढरं भोक पडलंय. त्याचा मला राग नाही, उलट अभिमान आहे. तपासणीला आलेले साहेब म्हणाले होते, "नकाशा असावा तर असा!"

भाषेच्या बाई पोरांना गोष्टी सांगत. देव-दानवांनी क्षीरसागर घुसळला, ती गोष्ट रंगली की मागच्या बाकांवरची पोरं पुढे सरकत. पण त्याआधी बाई मला गुंडाळून कोपऱ्यात उभं करत. म्हणत, "तू थांब बाबा इथेच. आम्ही जातोय तिथे तुझं काम नाही." मला मुळीच वाईट वाटत नसे. मीही कान देऊन ऐकायचो.

मग भूगोलाला नवे मास्तर आले. एक दिवस त्यांनी पक्क्या शाईची बाटली आणली, खुर्चीवर चढले, माझ्या एका समुद्राचं नाव खोडलं आणि त्यावर ठळक लिहिलं, 'क्षीरसागर'. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! तीस वर्षांत मी एक खाडी खोटी दाखवली नव्हती.

"मास्तर, तिथे खरंच दूध आहे?" दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिचे बाबा नदीवर फेरीबोट चालवतात. तिला मोठं जहाज चालवायचंय, म्हणून वर्ग तिला 'खलाशीण' म्हणतो.

"होतं. आता पाणी झालं," मास्तर म्हणाले. "ही गोष्टबिष्ट नाही, इतिहास आहे. परीक्षेत हेच लिहायचं. घाबरायचं नाही."

बिचारी घाबरली नाही. नौका विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत कोरा नकाशा आला आणि पाच समुद्रांची नावं विचारली. चार तिने बरोबर लिहिली. पाचवं माझ्या अंगावर होतं तेच लिहिलं. यादी लागली, तेव्हा तिची जागा दोन गुणांनी हुकली होती. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी बसता यायचं नाही.

काल ती बाबांना घेऊन वर्गात आली. बाबांच्या हातात फेरतपासणीचा अर्ज होता. शाळेनेच चुकीचं शिकवलं असं लेखी दिलं, तर तो प्रश्न पुन्हा पाहतात. मुदत शुक्रवारपर्यंत.

"मास्तर, दोन ओळी लिहून द्या," बाबा म्हणाले. "चूक पोरीची नाही, एवढंच."

"मग काय माझी आहे?" मास्तर खेकसले. "तपासणाऱ्यांची श्रद्धा उडालीय, त्याला मी काय करू?"

बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आग लावा तुमच्या त्या गोष्टींना! सगळ्या थापा!"

"बाबा, गोष्टीला बोलू नका," खलाशीण म्हणाली. ती मास्तरांकडेच बघत होती. "नकाशात शोधा असं गोष्टीने कुठे सांगितलं होतं? मास्तर, घुसळल्यावर आधी विष वर आलं. अमृताला सगळे टपलेले, पण विष बघून सगळे मागे सरले. शंकर तेवढा पुढे आला. आता हे तुम्ही घुसळलंय. मग विष मीच का प्यायचं?"

मास्तरांनी डस्टर उचललं, कोऱ्या फळ्यावरून फिरवलं आणि ते निघून गेले. अर्ज टेबलावर तसाच राहिला.

मित्रांनो, ज्याने मला सात रंगांत छापलं, त्याला ठाऊक होतं की माझ्यावर बोटी हाकायच्या असतात. चुकीचं नाव म्हणजे बुडालेली बोट. आणि ज्याने ती गोष्ट रचली, त्यालाही ठाऊक होतं की दूध मोजायला कुणी भांडं घेऊन जायचं नाही. त्याला पुढे येणारा माणूस दाखवायचा होता. तो त्या पोरीला दिसला. रोज त्या गोष्टीची पारायणं करणाऱ्या मास्तरांना दिसला नाही, आणि वर माझं अंग नासवून ठेवलं!

माझी धूळ नंतर झटका. भोकाला ठिगळही नंतर लावा. आज बुधवार आहे. उद्या वर्गात मास्तर आले की उभे राहा आणि विचारा, "मास्तर, पत्र लिहिलंत का?" एकाने विचारलं तर ते त्याला बाहेर काढतील. म्हणून सगळ्यांनी विचारा.