पुसलेला फळा

दिवसभर ओरडून बाईंचा घसा पार बसला होता आणि पायांचं तर नावच काढायला नको. तरी शाळा सुटल्यावर त्यांनी मागच्या बाकावरच्या एका मुलाला थांबवलंच. "फळा पुसून जा रे."

ही बाईंची जुनी युक्ती. समोर बसवून 'काय झालं' विचारलं की मुलं तोंडाला कुलूप लावतात. बाईंकडे पाठ आणि हातात डस्टर असलं की मात्र आपोआप बोलू लागतात. रडू आलंच तर खडूची धूळ डोळ्यांत गेली म्हणायची सोय. मूल मध्येच अडलं की बाई वह्यांतून मान वर न करता म्हणत, "वरचा कोपरा राहिला बघ." त्या कोपऱ्यानं आजवर काय काय ऐकलं असेल, देव जाणे. मुख्याध्यापक कौतुक करत, "तुम्हाला बरी सगळं सांगतात मुलं." कौतुक करायला त्यांचं काय जातंय? ऐकून ऐकून बाईंचा भुगा व्हायचा.

आजचा मुलगा म्हणाला, घरी वडील कुणाशीच बोलत नाहीत. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या आईला भेटायला बोलावलं. मुलगा उड्या मारत जिना उतरला. त्याचं ओझं आता बाईंकडे आलं होतं.

बाईंची मुलगी याच शाळेत आठवीला होती. रोज व्हरांड्यातल्या बाकावर आईची वाट बघत बसायची. वाटेत तिनं तोंड उघडलं की बाई म्हणत, "आता नको गं, डोकं उठलंय. घरी बोलू." घरी गेल्यावर, "उद्या बोलू." तो उद्या काही उजाडत नव्हता.

आज ती दप्तरासकट आत आली. शाळेत आई म्हणायचं नाही, हा बाईंचाच नियम.

"बाई, फळा पुसू?"

"नाटकं पुरेत. पुसलाय तो. चल घरी."

तिनं डस्टर उचललं आणि स्वच्छ फळा पुसायला लागली.

"मधल्या सुट्टीत मी गेले की सगळ्या गप्प होतात," ती फळ्याला सांगावं तशी म्हणाली. "म्हणतात, हिच्या आईला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं, म्हणजे हिलाही असणार. मी सांगितलं, आई घरी बोलतच नाही. कुणाला पटत नाही. आता मी डबा एकटीच खाते."

बाईंना स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्यांना घरी जाऊन आडवं पडावंसं वाटत होतं. सवयीनं कोपऱ्याचं वाक्य ओठांवर आलं, पण कोपरा लख्ख होता आणि ही युक्ती पोरगी खिडकीतून रोज बघत आली होती.

"झालं," मुलगी डस्टर ठेवत म्हणाली. "चला बाई."

बाई टेबलाला धरून उठल्या. खडू आडवा धरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा फळा रेघोट्यांनी भरून टाकला, वरच्या कोपऱ्यासकट. मग वह्या बाजूला सारून खुर्चीत बसल्या.

"आता पूस," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "आणि बाई नको म्हणूस. मला घाई नाही."