एकगोळीची शेवटची शिकार

हरणाच्या मानेचं कातडं तिने उलटं करून ओंडक्यावर ताणलं, आतली चरबी खरवडायला सुरी लावली आणि हात तिथेच थांबला. मानेभोवती एक वळ होता. बोटभर रुंद, काळानिळा, एका कानामागून निघून गळ्याखालून दुसऱ्या कानामागे गेलेला. बाहेरून दाट केसांत कुणाच्या बापाला दिसला नसता. आतून मात्र लख्ख दिसत होता.

तिला लोक पेंढावाली म्हणत. आता पेंढा कोण भरतं? फोमचे तयार साचे मिळतात, काचेचे डोळे डझनाने येतात. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं! वीस वर्षं ती शिकाऱ्यांनी आणलेली मुंडकी भिंतीवर टांगण्याजोगी करून देत होती आणि काम करता करता त्यांच्या बढाया ऐकत होती. बढाया कशाही असोत, कातडं उलटं केलं की खरं काय ते कळायचं. पळत्या जनावराच्या पाठीत घातलेली गोळी, जखमी होऊन चार दिवस भटकलेला जीव, सगळं. ती मूग गिळून शिवत बसायची. पण हे हरीण गिऱ्हाइकाचं नव्हतं. ते तिच्या वडिलांनी मारलेलं होतं.

तिच्या वडिलांना शिकारी संघात एकगोळी म्हणत. माणूस जंगलात जाताना बंदुकीत एकच गोळी घालायचा. लागली तर लागली, चुकली तर जनावराचं नशीब थोर म्हणायचं आणि घरी येऊन गुपचूप वरणभात जेवायचं. दुसरी गोळी खिशातसुद्धा नसायची. आणि फास लावणाऱ्यांचं नाव काढलं की म्हातारा भडकायचा. "बांधलेल्या जनावरावर नेम धरायचा, त्यापेक्षा खाटीक बरा," म्हणायचा, "तो निदान शिकारीचा आव तरी आणत नाही."

आणि आता हा वळ. मेल्यावर रक्त असं साकळत नाही. म्हणजे तार आवळली तेव्हा हरीण जिवंत होतं. बाहेरून केस सारून बघितलं तर एका जागी कातडं सोलवटून त्यावर खपली धरायला लागली होती. तासा-दोन तासांचं काम नव्हतं हे, चांगले दोन-तीन दिवस गेले होते. तिने दिवा खाली ओढला. वळात बारीक तिरक्या रेषा उमटल्या होत्या, तारेच्या पिळाच्या. तसली तार तिने आयुष्यभर बघितली होती. मोटरसायकलच्या क्लचची तार. तिच्या धाकट्या भावाच्या गॅरेजात खिळ्यांवर तिची वेटोळी लटकत असत.

हात धुऊन ती तशीच गॅरेजात गेली. धाकटा गाडीखालून बाहेर आला, बहिणीचं तोंड बघितलं आणि काही न विचारताच म्हणाला, "ताई, तुझ्या पाया पडतो, बाबांना सांगू नकोस."

"चोराच्या मनात चांदणं! मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही."

तो टायरवर बसला. बाबांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग वाढत चालला होता, कडेचं तेवढं दिसायचं. पुढच्या हंगामात तेही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. या हंगामात बापलेक तीनदा गेले आणि तिन्ही वेळा एकुलती एक गोळी तशीच परत आली. "घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडायचे," धाकटा म्हणाला. "मला बघवेना गं. म्हटलं, एकदा शेवटची होऊ दे. गुरुवारी तारा लावल्या, शनिवारी हे सापडलेलं दिसलं, रविवारी त्यांना घेऊन गेलो. गोळी लागताच मी पुढे धावलो आणि तार सोडवली. त्यांना काही कळलं नाही. किती खूश आहेत ते बघतेस ना तू?"

बघत होती ना! बाबा आठ दिवस गल्लीभर सांगत सुटले होते. तिचा राग निम्मा तिथेच विरघळला. मूठ झाकलेलीच ठेवायचं तिने कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दुकानात आले. काठीने दार चाचपत, साचे आणि रंगाचे डबे ओलांडत नेहमीच्या स्टुलावर बसले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. प्रत्येक शिकारीनंतर ते हाच प्रश्न विचारायचे, कारण जनावराला त्रास किती झाला हे शिकाऱ्याला ठाऊक पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"पोरी, कातडं काय म्हणतं?"

"एकच गोळी, बाबा. खांद्यामागे. जागच्या जागी गेलं."

तिने हे इतक्या सहज म्हटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. बाबा खुदकन हसले. कितीतरी महिन्यांनी हसले.

"म्हणजे म्हातारा अजून मोडीत निघालेला नाही! डॉक्टरला काय कळतंय? हंगाम संपायला एक रविवार आहे. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. धाकट्याला आताच सांगून आलो, येत्या रविवारी पुन्हा जाऊ. तो नको नको म्हणत होता, पण शेवटी हो म्हणाला."

रविवारी जायचं म्हणजे गुरुवारी तारा लागणार. कुठल्या तरी मानेभोवती पुन्हा हीच तार आवळणार, दोन दिवस, तीन दिवस, आणि ते तिच्या या एका वाक्यामुळे. बापाचं हसू तिला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण त्याची किंमत देणारा जीव तिकडे रानात चरत होता, आणि त्याला कुणी विचारलेलं नव्हतं.

"बाबा, हात द्या," ती म्हणाली. कातडं सुलटं करून तिने त्यांचा हात ओल्या केसांत घातला आणि त्यांचं बोट वळावरून फिरवलं, या कानापासून त्या कानापर्यंत. बोट खपलीवर थांबलं.

"मी खोटं बोलले. माफ करा मला."

म्हातारा आधी तिच्यावरच उखडला. "तुला कुणी सांगितलं होतं हे दाखवायला? झाकून टाकता येत नव्हतं? शिवता येतं ना तुला?" काठी आपटून उठले, दोन पावलं गेले, पुन्हा स्टूल शोधून बसले.

"वारा आमच्या पाठीकडून त्याच्याकडे वाहत होता," ते शेवटी म्हणाले. "माणसाचा वास लागल्यावर हरीण उभं राहतं का गं? चाळीस वर्षं जंगलात काढली मी. तरी म्हटलं, आज नशीब जोरावर आहे. विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणून विचारलंच नाही." ते रडत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

मग एकाएकी त्यांनी मान वर केली.

"फास किती लावले होते धाकट्याने?"

तिला प्रश्नच कळला नाही.

"अगं, एक फास लावून हरीण ठरल्या दिवशी मिळत नसतं! पाच-सात तरी लावावे लागतात. बाकीचे काढले का, विचार त्याला!"

तिने फोन लावला. पलीकडे पान्हा लाद्यांवर पडल्याचा आवाज आला. धाकट्याने सहा लावले होते. एकात मिळालं, त्या आनंदात आणि गडबडीत बाकीचे पाच तो साफ विसरला होता. ते लावून आता बारा दिवस झाले होते.

तासाभरात तिघंही जंगलात होते. पहिल्या जागी, जिथे बाबांनी गोळी झाडली होती, तिथे बुंध्याची साल गोल सोलून निघाली होती आणि तार अजून लोंबत होती. दुसरा फास रिकामा, तिसराही रिकामा. चौथ्यात एक मादी होती. केव्हाच मेलेली. तार मांसात रुतली होती. धाकटा तोंड फिरवून झाडाला धरून उभा राहिला. बाबा मात्र गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हातांनी सगळं चाचपलं, आधी ती, मग तिच्याभोवतालची खुरांनी उकरलेली माती.

"उकरलेल्याचा घेर केवढा आहे?" त्यांनी विचारलं.

"तारेच्या लांबीएवढा," ती म्हणाली.

पाचवा रिकामा निघाला. सहाव्याकडे जाताना धाकटा ओढ्यापाशी थबकला. वरच्या अंगाला गेला, परत आला, खालच्या अंगाला गेला. मग तिथेच मटकन बसला. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "खरंच आठवत नाही, ताई. घाईत लावला होता."

संध्याकाळपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशीही, आणि त्या आठवड्यात रोज. हंगाम संपला, संघाने बंदुका कुलपात ठेवल्या. धाकट्याने एकदा भीतभीत म्हणून बघितलं, "बाबा, आता पुरे. झाली ती शिकार होऊन गेली."

"कुणी सांगितलं होऊन गेली?" बाबा म्हणाले. "ती तार तू माझ्यासाठी लावलीस ना? मग ती तिथे आहे तोवर माझी शिकार चालूच आहे. मी घरी जेवत असताना चालू आहे, झोपलो तरी चालू आहे."

आता कडेचंही फारसं दिसत नाही त्यांना. तरी दर रविवारी दोघं निघतात. धाकटा काठीने झुडपं बाजूला करत पुढे चालतो आणि बाबा मागून एक हात त्याच्या खांद्यावर ठेवून, दुसरा हरणाच्या मानेच्या उंचीवर धरून फांद्या चाचपत जातात. परत येताना ते पेंढावालीच्या दुकानात डोकावतात. ती त्यांच्या ओरखडलेल्या हातांवर औषध लावते आणि पुढच्या रविवारसाठी डबा काय द्यायचा ते ठरवते. सहावा फास अजून सापडलेला नाही.