जुन्या इंग्रजीतलं 'तू'

लोहाऱ्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून उमादेवी निवृत्त झाल्या आणि दोन-तीन महिन्यांतच घरात कंटाळल्या. त्यांची जुनी विद्यार्थिनी शुभांगी पुण्यात असते. तिनं त्यांना मोबाइलवरच्या एका मंडळात ओढलं. हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी हौसेनं शिकणारी, नुसती वाचणारी नव्हे तर बोलणारी माणसं त्यात होती. कुणी नर्स, कुणी सुतार, देशोदेशीची. दर शनिवारी संध्याकाळी सगळे बोलायला जमायचे. अलीकडं अशी मंडळं बरीच निघालीत, असं शुभांगी म्हणाली.

जन्मभर शिकवलेली भाषा, पण तिचं हे जुनं रूप उमादेवींना अर्धंमुर्धंही कळेना. त्याचंच नवल वाटून त्या शिकत राहिल्या. अडचण एवढीच, की शनिवार सोडला तर बोलायला कुणी नव्हतं.

त्यांचे यजमान भीमाशंकर यांचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान. त्यांना असल्या गोष्टींत रस नव्हता. पण दिवाळीनंतर त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दुकानातली धूळ, टीव्ही, मोबाइल सगळंच बंद केलं. काळा चष्मा लावून बसून बसून ते इतके वैतागले, की एका दुपारी स्वतःच म्हणाले, "चल, शिकव तुझं ते काय हाय ते."

उमादेवींनी भाकरीपासून सुरुवात केली. भाकरीसाठी शब्द घेतला 'ह्लाफ'. तुला भाकरी हवी का, हे विचारायचं तर 'विल्ट थू ह्लाफ'.

"थू?" भीमाशंकर म्हणाले. "नवऱ्याला थू म्हणतीस व्हय?"

थू म्हणजे तू, असं उमादेवींनी समजावलं. त्या काळी एका माणसाशी बोलायला तेवढाच शब्द होता. राजा असो की गडी, सगळ्यांना थू. मानाचं 'तुम्ही' इंग्रजीत फार पुढं आलं आणि मग थूच मागं पडलं. भीमाशंकरांनी थोडा विचार केला. राजाला चालत असेल तर आपल्यालाही चालेल, असं म्हणून त्यांनी जुन्या इंग्रजीत भाकरी मागितली.

वाचायची मनाई होती म्हणून ते कानानं शिकले आणि भराभर शिकले. पाणी, मीठ, गाय, ये, बस. लग्नाला तीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि तेवढ्या वर्षांत उमादेवी त्यांना 'तुम्ही'शिवाय बोलल्या नव्हत्या. आता दिवसभर थू चालू झालं. थोड्याच दिवसांत दोघांनाही त्यात काही वाटेनासं झालं.

डोळा बघायला भीमाशंकरांची थोरली बहीण चन्नम्मा कर्नाटकातल्या आळंदहून आली. दुपारी दोघं भाऊबहीण जेवायला बसली. उमादेवी वाढत होत्या. बोलता बोलता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अजून भाकरी पाहिजे का तुला?"

चन्नम्माअक्कांचा हात ताटातच थांबला. तोंडातून काय निघून गेलं ते उमादेवींना कळलं. भीमाशंकरांनी ताट पुढं केलं.

"अर्धी वाढ," ते म्हणाले.

आपल्या घरात ही रीत कधीपासून, असं अक्कांनी भावाला कानडीत विचारलं. मीच तसं बोलायला सांगितलंय, असं त्यांनी कानडीतच सांगितलं. अक्का ताक न घेताच उठल्या.

संध्याकाळी अक्का देवळात गेल्यावर उमादेवी म्हणाल्या, "चुकून गेलं तोंडातून. वाईट वाटलं का तुम्हाला?"

"दचकलो," भीमाशंकर म्हणाले. "त्या भाषेत म्हणतीस तवा काय वाटत न्हाय. मराठीत ऐकलं आन् वाटलं, ही कुणाला म्हणाली?"

"मग नाही म्हणत."

"तसं न्हाय. अक्कासमोर नको. आपण दोघंच असलो तर म्हण. बघू सवय होती का."

सवय व्हायला बराच काळ गेला. दरम्यान काळा चष्मा निघाला, दुकान सुरू झालं. शनिवारी मात्र भीमाशंकर लवकर घरी येतात, उमादेवींच्या शेजारी खुर्ची ओढतात आणि मंडळातल्या सुताराशी पाऊसपाण्याचं मोडकंतोडकं बोलतात. अक्कांचा फोन आला, की उमादेवी नवऱ्याला तुम्ही म्हणतात, गिऱ्हाइकांसमोरही तुम्हीच. एरवी मराठीतलं तू आता सहज येतं. भांडण झालं, की मात्र त्या तुम्हीवर जातात, आणि त्या दिवशी भीमाशंकर जरा जपूनच वागतात.