साबणातून पळालेली चमकी

थोरली साबण करायची, धाकटी केक. दोघी जावा आणि ओटा एकच. भांडायला आणखी काय लागतं? त्यात थोरलीला दुकानाच्या पुड्या डोळ्यांसमोर नकोत. आणल्या की फाडायच्या आणि एकसारख्या बरण्यांत ओतायच्या. नुसत्या नजरेने ओळखते, हा तोरा वर.

त्या दिवशी तिने साच्यातून साबण काढले आणि थबकली. चांगली चमचाभर सोनेरी चमकी घातलेली, आणि साबण दुखणाईताच्या तोंडासारखे फिके. तिने एक वडी उजेडात धरली, नखाने खरवडली, मोडून पाहिली. एक कण नाही. चमकीला काय पाय फुटले?

मग तिची नजर धाकटीच्या केकवर गेली. शिंपीणबाईंच्या लेकीच्या वाढदिवसाचा, धाकटीचा पहिलाच बाहेरचा केक. वर चमकी लखलखत होती. 

तिने दोन वाट्यांत कोमट पाणी घेतलं आणि दोन्ही बरण्यांतली चिमूट-चिमूट टाकली. साबणाची म्हणून ठेवलेली ढवळताच विरली, साखर-डिंकाचीच ती. केकची म्हणून ठेवलेली मात्र घुसळली तरी ढिम्म. प्लास्टिकच. धाकटीने बोट बुडवलं, तर कण पुसता पुसेनात.

धाकटी रडकुंडीला आली. बाई येतीलच आता, आणि त्या चमकीच्या पुडीवर तर विषारी नाही असं छापलं होतं, ती पुटपुटली.

"चप्पल तरी कुठे विषारी असते?" थोरली म्हणाली. "पोरांना चावायला देतेस का? खायच्या पुडीवर 'खाण्यासाठी' असं लिहिलेलं असतं."

दार वाजलं. धाकटीचा हात खोक्याच्या झाकणाकडे गेला. थोरलीने केक मागे ओढला आणि शिंपीणबाईंना आत बोलावून बसवलं.

"बरण्यांत चमकीची अदलाबदल माझ्याकडून झाली. हिची चूक नाही," ती म्हणाली.

 लग्न होऊन आल्यापासून असलं वाक्य या घरात धाकटीने ऐकलं नव्हतं.

दोघींनी वरचं क्रीम पार केकपर्यंत खरवडून टाकलं, नवं थापलं. शिंपीणबाईंची नजर मात्र वाट्यांवरून हलेना. गेल्या खेपेला त्यांनी घरीच केक केला होता, आणि त्यावरच्या चमकीची पुडी अजून फडताळात होती. केक तर त्यांनी नेलाच, पण उंबऱ्यावरून मागे वळल्या.

"पाणी कोमटच लागतं, की गार चालेल?"