खिडकीबाहेरच्या चपला

"चपला काढ, नाहीतर आत पाऊल टाकू नकोस," मी तिला सलग तिसऱ्या दिवशी सांगितलं.

ती दारातच थबकली. अंगात पांढरा अ‍ॅप्रन, डोक्याला टोपी आणि पायात झिजलेल्या रबरी चपला. आमच्या कारखान्यात टोमॅटोचा रस आटवून डबाबंद करतात. चिरायच्या खोलीत फक्त तिथलेच धुतलेले गमबूट चालतात. नियम मी केलेला नाही, पण मुकादम म्हणून सतरा वर्षं पाळून घेतलाय.

कामावर निम्म्या बायका गावातल्या आणि निम्म्या सीमेपलीकडून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतल्या घ्यायच्या, असं ठरलं होतं. ही छावणीतली. तीन दिवसांत कामाला लागली नाही, तर जागा गावच्या यादीला. आणि त्या यादीत पहिली होती माझी धाकटी जाऊ. ती फाटकाशी जेवणाचा डबा घेऊनच बसली होती.

"ताई, तिचं घोडं चपलांपाशीच अडलंय. मला घ्या की आत!"

मलाही तेच सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू? घरात दोन पगार आले असते.

"एवढं काय सोनं लागलंय गं त्या चपलांना?" मी तिच्यावर खेकसले.

ती खालीच बघत होती. "गाव सोडलं तेव्हा चपला दाराबाहेर राहिल्या. घ्यायला वेळच नव्हता. लेकीला कडेवर घेऊन पाच दिवस अनवाणी चालले. आता काढल्या की छाती धडधडते. झोपतेसुद्धा घालूनच."

मला माझीच लाज वाटली. चिरायच्या टेबलासमोर खिडकीची मोठी, गुडघ्यापर्यंत येणारी काच आहे. मी बाहेर गेले, काचेखाली चार विटा रचल्या आणि म्हटलं, "इथे ठेव. कायम डोळ्यांसमोर राहतील."

तिने चपला ठेवल्या, पुढची टोकं रस्त्याकडे करून. पाय घातले की पळता यावं, अशा.

"परक्यांसाठी विटा रचता, आणि घरच्यांसाठी?" जाऊ म्हणाली. ती डबा न उघडताच घरी गेली आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

आत ही बाई चार टोमॅटो चिरायची, की मान वर करून काचेबाहेर बघायची. पुढे दहा चिरून बघायला लागली. मग क्रेट संपल्यावर. हंगाम भरात आला, हात कमी पडायला लागले, तशी जाऊही कामावर आली आणि नेमकी हिच्याच शेजारी उभी राहिली. पहिले दोन दिवस दोघी घुम्यासारख्या. तिसऱ्या दिवशी जाऊने हिच्या सुरीला धार लावून दिली.

एका सोमवारी सकाळी मी पाहिलं, तर विटा रिकाम्या. गेली की काय ही? धावत आत गेले.

ती टेबलाशीच होती, मान खाली घालून भराभरा चिरत.

मी परत दाराकडे आले. दाराशेजारच्या चपलांच्या मांडणीत सगळ्यांच्या चपला होत्या. तिच्याही होत्या, जाऊच्या चपलांना चिकटून. पुढची टोकं भिंतीकडे होती.

विटा मी अजून काढलेल्या नाहीत.